उलट्या हाताचा सल्ला

कन्सल्टंट म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे सुटाबुटातला माणूस उभा राहिला असेल. चकचकीत बॅग, दारात गाडी, बाहेर शिपाई. पुसून टाका. आमच्या कन्सल्टंट काकांकडे एक सायकल होती, तिच्या कॅरिअरला बांधलेला हातभर लाकडी दांडा होता, आणि ऑफिस म्हणाल तर सीताबर्डीवरच्या विजेच्या सामानाच्या दुकानातलं एक स्टूल. काउंटरमागे उभा राहून गिऱ्हाइकाला बल्ब लावून दाखवणारा सेल्समन म्हणजे मी. काकांच्या कार्डावर टेलिफोन नंबरही आमच्याच दुकानाचा.

काका विजेच्या मोटारीला आधी उलटा हात लावायचे. तळहात कधीच नाही. "सुलट्या हातानं धरलं आन् करंट असला तं मूठ बंद होते, सुटतच नाही. उलटा हात आपोआप मांगं येते." हे ठीक. पण ते चहाच्या कपाला, नव्या पंख्याला, कोणाच्या नव्या शर्टाच्या कापडालाही उलटाच हात लावायचे. काकू म्हणायच्या, "लग्नात माह्या हातालेई असाच लावला होता यायनं." हात झाला की दांडा. एक टोक मोटारीवर, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. मोटार काय म्हणते ते ऐकून घेतल्यावर तोंड उघडायचं.

ते जुन्या खासगी वीज कंपनीत होते. कंपनी सरकारनं घेतली, काका घरी बसले. म्हणजे बसायला पाहिजे होते. ते म्हणाले, "आता गावागावात तार जाऊन राहिली. पीठगिरणी, धानाची मिल, सगळे ऑइल इंजिन सोडून मोटार घेतीन. तार ओढणारे लय आहेत गा. कोणाले किती पायजे, आन् पायजे का नाही, हे सांगणारा कोण आहे?" मी म्हटलं, कोण? तर कार्ड पुढे केलं. कार्ड वाचून लोक फ्यूज बांधायला बोलवायचे. काका जायचे, फ्यूज बांधायचे, आणि वरून सल्ला देऊन यायचे.

फोनवर मात्र एक शब्द नाही. पलीकडचा कितीही गळ घालो, उत्तर ठरलेलं: "पाहिल्याबिगर नाही सांगत. मोटार फोनातून येते काय?"

मी उमरेडच्या शाळेत असल्यापासून नकला करायचो. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, शेजारची पीठगिरणी. काका मला रेडिओ म्हणायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की स्वतःच फर्माईश करायचे, "हं रेडिओ, मले लाव." मी खाकरायचो, "हंऽऽ, असं पाहा भाऊ," आणि काका स्टुलावर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे.

एका दिवाळीआधी त्यांना खरंखुरं काम मिळालं. रामटेककडच्या गुलाबरावांच्या, ऑइल इंजिनावर चालणाऱ्या धानाच्या मिलपर्यंत तार आली होती. काका एकदा जाऊन आले, आता संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागल्यावर पुन्हा पाहून मग मोटार घ्यायची का ते सांगणार होते. त्या बाजूचे आणखी तीन मिलवाले या मिलचं काय होतं ते बघत थांबले होते. काका म्हणाले, "हे जमलं तं ते तिघंई बोलावतीन. मंग मी खोली घेईन, बोर्ड लावीन. तुह्या स्टुलाले रामराम."

त्याच आठवड्यात ट्रंक कॉल आला. काका कन्हानला पंप पाहायला गेले होते. दुकानात माझे दोन दोस्त बसलेले. पलीकडून गुलाबराव म्हणाले, "काका, इंजिनाले गिऱ्हाईक आलं आहे, दारातच बसून आहे. इकू काय?"

दोस्तांकडे पाहून मी खाकरलो. "हंऽऽ, असं पाहा भाऊ. जमाना विजेचा आहे. ठेवून काय त्याची पूजा करता? विकून टाका."

दोस्त पोट धरून हसले. मी वाकून नमस्कार केला. काका येईपर्यंत विसरूनही गेलो.

महिन्याभरात, काकांची दुसरी फेरी व्हायच्या आधीच, गुलाबरावांचा निरोप आला, मोटार लावली, पण ओढत नाही. काकांबरोबर नवा स्टार्टर घेऊन मी गेलो. अंगणात धानाच्या बैलगाड्या खोळंबलेल्या, आणि ते तिघे मिलवाले हाताची घडी घालून उभे. काकांनी उलटा हात लावला. दांडा लावला. म्हणाले, "लाइनीच्या टोकावर आहे तुमची मिल. गावानं दिवे लावले का व्होल्टेज बसते, मोटार तापते. असा हंगाम निंघत नाही. सांजच्याला इंजिनावर चालवा. कुठी आहे इंजिन?"

"इकलं ना," गुलाबराव म्हणाले. "तुमीच तं सांगतलं फोनवर."

काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी स्टार्टरचे स्क्रू मोजू लागलो.

"हो," काका म्हणाले. "मीच सांगतलं. चुकलं माह्यं."

तिघांपैकी एकानं फटफटीला किक मारली. बाकीचे दोघे मागोमाग गेले. ते पुन्हा कधी आले नाहीत, आणि काकांचं स्टूल शेवटपर्यंत तेच राहिलं.

गुलाबरावांचं धान मात्र निघालं. उमरेडच्या एका बंद आरागिरणीचं इंजिन काकांनी मागून आणलं, दोन दिवस तिथं राहून बसवून दिलं. मग आम्ही दोघे एसटीनं परत निघालो. कन्हानचा पूल आला तेव्हा मीच म्हटलं, "काका, मी गुलाबरावांले जाऊन सांगतो, तो मी होतो."

"चूप बस. आता सांगून इंजिन येते काय वापस?" बसमधली माणसं वळून पाहू लागली, तरी त्यांनी आवाज कमी केला नाही. "माहा आवाज काढला त्याचा राग नाही मले. खाकरला बराबर. 'असं पाहा भाऊ' बराबर. पण दोन वर्षं स्टुलाजवळ उभा राहून तू पाहिलं काय बे? निस्तं माह्यं तोंड? नक्कल करायची होती तं पुरी करायची. त्याले म्हणायचं होतं, पाहिल्याबिगर नाही सांगत."