बियाचं वाळूक

लातूरच्या एका महाविद्यालयात देशी वाणांचा महोत्सव भरला, तेव्हा काकड्यांचं टेबल माझ्याकडं होतं. निवृत्त प्राध्यापकाला माणसं एवढंच काम विश्वासानं देतात. टेबलावर शेडनेटमधला खिरा होता, गणवेशातल्या पोरांसारखा एकसारखा. माहूरच्या डोंगरातून कुणी आणलेली काटेरी लव असलेली रानकाकडी होती. बांधावरची लिंबाएवढी शेंदाडं होती, कच्ची असताना इतकी कडू की शेळीही विचार करते. आणि मधोमध एक पिकलेलं, पिवळ्या पट्ट्यांचं वाळूक. पुस्तकांच्या मते वाळूक काकडी नव्हेच. ते खरबुजाच्या घराण्यातलं, शेंदाडाचं सख्खं भावंड. समितीनं सगळ्यांवर ‘काकडी’च लिहिलं, कारण फ्लेक्स छापून झाला होता.

ते वाळूक माझ्या चुलतीचं. रेणापूरजवळ तिचं रान आहे. शेंदाड आणि वाळूक शेजारी फुलली की मधमाशा भेद करत नाहीत आणि पुढच्या साली वाळूक कडू निघतं. म्हणून ती फुलोऱ्याआधी बांधावरचं शेंदाड उपटून काढते, फळ चाखून गोड वेल ठरवते आणि त्याच्या एका फळाला चिंधी बांधते. ते बियाचं. त्याला घरात कुणी हात लावत नाही. यंदा बाकीचे वेल रानडुकरांनी तुडवले. तिच्या गोड बियाचं एवढं एकच फळ उरलं होतं.

“लोक बघतील, बी जपतील,” मी तिला म्हणालो होतो.

“बघून कोण जपतंय रे? पण तू शिकलेला हायस, म्हणतोस तर आणते. संध्याकाळी माघारी नेणार.”

एसटीत तिनं ते मांडीवर धरलं होतं. ती आल्या आल्या समितीनं चिंधी सोडली. फोटोत बरी दिसत नव्हती.

प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि मातीशी असलेल्या आपल्या नात्यावर बोलले. मातीनं काही खुलासा केला नाही. मग निवेदिकेला सुचलं की फीत कापण्यापेक्षा देशी काकडीच कापावी. सुरी आली, चाट मसाला आला. खिरा हाताशी होता, पण फोटोसाठी वाळूक मोठं आणि रंगीत. मी व्यासपीठावरच होतो. ‘थांबा’ म्हणायला वेळ होता. माझी शाल अजून यायची होती. मी बसून राहिलो.

पाहुण्यांनी एक मसालेदार फोड बाजूला सारली, कोरडी तोंडात घातली आणि डोळे मिटले. “वा! लहानपणची चव!”

चुलती तिसऱ्या रांगेतून उठून थेट वर आली.

“साहेब, गिळू नका. बी हाय त्याच्यात.”

“आजी, देशी बी पौष्टिक असतं.”

“आसंल. पण माझं पुढच्या सालचं हाय. थुका.” तिनं ओंजळ पुढं केली.

सभागृहात मोबाइल उंचावले. पाहुणे थुंकले. दिवसभरात तेवढंच काम नेटकं झालं.

तिनं बशा गोळा केल्या आणि माझ्याकडं वळली. “आन तू काय बघून राहिलास? पाणी कुठं हाय इथं?”

हात धुवायच्या नळाखाली तिनं मला तिचा पदर गाळणीसारखा धरायला लावला आणि आधी कोरड्या, मग मसाल्याच्या फोडींचा गर चोळून चोळून बी वेगवेगळं काढलं. मागं पाहुणे ओल्या हनुवटीनं उभे होते. “जरा दमा साहेब,” ती मान न वळवता म्हणाली. आत माझं नाव पुकारलं जात होतं. पदर सोडायची माझी हिंमत झाली नाही.

मसाला लागलेलं बी तिनं माझ्या रुमालात बांधलं, बिनमसाल्याचं आपल्या पदरात. पाहुण्यांच्या तोंडातलंही पदरात गेलं.

“काकू, ते उष्टं आहे,” मी म्हणालो.

“उष्टं उगवतं. मिठातल्याचं सांगता येत न्हाई,” ती म्हणाली आणि रुमाल माझ्या हातात दिला. “ह्ये तू लाव.”