ऑक्टोबरातली संक्रांत

एका वर्षी लखनौच्या आमच्या मराठी मंडळाने संक्रांतीचं हळदीकुंकू ऑक्टोबरात केलं. पंचांग चुकलं नव्हतं. परदेशातून दोन पाहुणे यायचे होते आणि जानेवारीपर्यंत थांबायला त्यांना सवड नव्हती.

पाहुणे एका आंतरराष्ट्रीय समितीचे. कुठल्या देशात कोणाला आपला धर्म सुखाने पाळता येतो, कोणाला येत नाही, हे फिरून बघायचं आणि त्यावर अहवाल लिहायचा, असं त्यांचं काम. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. अयोध्या लखनौपासून किती जवळ आहे हे तोवर जगाला कळून चुकलं होतं. विद्यापीठातल्या कोणीतरी त्यांना सांगितलं, इथली मराठी माणसं बघा. ती मूळची इथली नाहीत, त्यामुळे इथल्या भांडणातही नाहीत. ही स्तुती होती की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुभाषा म्हणून मला नेमलं. रेल्वेच्या कचेरीतर्फे मी एकदा दीड महिना जर्मनीला जाऊन आलो होतो. तिथे कोणी इंग्रजी बोलत नव्हतं, मी जर्मन बोलत नव्हतो, आणि माझा बहुतेक वेळ बटाटे खाण्यात गेला. पण मानक नगरात, म्हणजे आमच्या रेल्वे कॉलनीत, ‘फॉरेन रिटर्न’ हा शिक्का पुसत नाही. मीही तो पुसायला कधी गेलो नाही.

आता शेजाऱ्यांबद्दल. आमच्या क्वार्टरला लागून आमच्याच कचेरीतले एक ड्राफ्ट्समन राहत. सगळी कॉलनी त्यांना भाईजान म्हणायची आणि त्यांच्या बायकोला आपा. दहा-बारा वर्षं आमच्या दोन घरांच्या मधल्या कुंपणाला एक तार कमी होती, कारण वाट्या तिथूनच जायच्या-यायच्या. भाईजान त्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. दिवाळीनंतर क्वार्टर सोडायचं होतं. धाकटी मुलगी बारावीला, तिची शाळा कॉलनीच्या फाटकाशी. आपांचं एकच म्हणणं होतं, मुलीची परीक्षा होईपर्यंत तरी इथेच आसपास दोन खोल्या मिळाव्यात.

खोल्या पुष्कळ होत्या. भाईजान रोज संध्याकाळी बघून यायचे आणि कुंपणाशी उभे राहून मला सांगायचे, “आज भी मकान खाली था साहब। हमने नाम बताया और भर गया।” स्वतःच हसायचे. लखनौची माणसं आपलं दुःखसुद्धा समोरच्याला जड होणार नाही अशा बेताने सांगतात.

शेवटची आशा आमच्या मंडळाच्या अध्यक्षांची होती. सगळे त्यांना काका म्हणत; तेही आमच्याच कचेरीतून निवृत्त झालेले. कॉलनीबाहेर त्यांनी दुमजली घर बांधलं होतं आणि वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. भाईजानांनी विचारलं तेव्हा काकांनी नाही म्हटलं नाही. “देखते हैं, जरा त्योहार निकल जाने दीजिए,” म्हणाले.

तेवढ्यात ही समिती उगवली. काकांनी आम्हाला बोलावून घेतलं.

“तुमची ती शेजारीण येते ना दर संक्रांतीला हळदीकुंकवाला? तेच दाखवायचं. याहून मोठा सलोखा कुठला?”

“पण काका, संक्रांतीला अजून तीन महिने आहेत,” माझी बायको म्हणाली.

“पाहुण्यांना काय कळतंय? तू तिळगूळ कर.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि तिला कुंकू लाव हां. फोटोत दिसलं पाहिजे.”

इथे सांगायला हवं की आपा यायच्या, पण कुंकू लावून घेत नसत. पहिल्याच वर्षी त्या संकोचून मागे सरकल्या. तेव्हा बायकोने करंडा खाली ठेवला आणि त्यांच्या मनगटाला अत्तर लावलं, ओटीत नारळ घातला. पुढे दर वर्षी तसंच. दोघींत यावर कधी चर्चा झाली नाही. कोणाला अहवाल लिहायचा असता तर तो त्या अत्तरावर लिहिता आला असता. पण अत्तर फोटोत दिसत नाही.

ठरल्या दिवशी बायकोने तिळगूळ केला. रागात पाक पुढे गेला. लाडू इतके कडक झाले की आमचा मुलगा म्हणाला, “मम्मी, ये खाने के हैं या खेलने के?”

काकांचा दिवाणखाना भरला होता. पंखा गरगरत होता आणि बायका संक्रांतीच्या काळ्या साड्या नेसून घामाघूम झाल्या होत्या. पाहुण्यांपैकी एक बाई होत्या, एक गृहस्थ. बाई भल्या वाटल्या. खाली सतरंजीवर बसल्या, लाडू तोंडात टाकला आणि बराच वेळ काही बोलू शकल्या नाहीत.

आपा शेवटच्या रांगेत होत्या. बायको एकेकीला कुंकू लावत त्यांच्यापर्यंत आली. खाली करंडा ठेवून तिने कमरेला खोचलेली अत्तराची कुपी काढली. काकांनी घसा खाकरला. फोटोवाला पुढे सरकला. आपांनी एकदा वर पाहिलं, छताकडे. वरच्या दोन खोल्या तिथेच होत्या. मग डोक्यावरचा पदर त्यांनी स्वतःच जरा मागे सारला आणि कपाळ पुढे केलं.

“लगा दीजिए भाभी,” त्या हळूच म्हणाल्या.

“नहीं आपा.”

“लगा दीजिए। बिटिया का साल है।”

बायकोने लावलं. आपांच्या कपाळाकडे न बघता लावलं, त्यामुळे कुंकू भुवईपर्यंत सांडलं. फोटो निघाला. परदेशी बाईंचे डोळे पाणावले. त्यांनी मला विचारलं, असं हे नेहमी करतात का? मी आपांना हिंदीतून विचारलं.

“कहिए, हमेशा,” आपा म्हणाल्या.

मी ‘ऑलवेज’ म्हणालो. दीड महिना बटाटे खाऊन आलेल्या माणसालाही एवढं इंग्रजी येतं.

बरोबरच्या गृहस्थांनी भाईजानांना विचारलं, इथे तुम्हाला कधी परकं वाटतं का? भाईजानांनी काकांकडे बघून छातीवर हात ठेवला. “इनसे कहिए, हम तो इनके घर के लोग हैं।” काका प्रसन्न झाले. संध्याकाळच्या विमानाला पाहुण्यांना अमौसी विमानतळावर पोचवायचं होतं. निघताना ते पुनःपुन्हा म्हणाले, जगात सगळीकडे असंच असतं तर आमच्या समितीला कामच उरलं नसतं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी भाईजान मिठाई घेऊन काकांकडे गेले. सोबत मीही होतो. काकांनी मिठाई ठेवून घेतली.

“ऐसा है भाईजान, मेरी तरफ से तो हाँ ही थी। पर बहू नहीं मान रही। किचन का मामला है, आप समझ सकते हैं।”

“जी, बिलकुल समझ सकते हैं,” भाईजान म्हणाले. उठताना त्यांनी सुनेची तब्येतही विचारली.

मी मागे थांबलो. “काका, त्या दिवशी तुम्ही...”

“अरे, तो कार्यक्रम होता. हे घर आहे.” काका खरोखरच चकित झाले होते. मला दोहोंतला फरक कळत नाही याचं त्यांना वाईट वाटलं असावं. पंधरवड्यात त्या खोल्यांत एक बँकवाले राहायला आले. त्यांच्या किचनमधून रविवारी मटणाचा वास सगळ्या गल्लीत येई.

आपांचं बिऱ्हाड जुन्या शहरात, भावाच्या गल्लीत गेलं. मुलगी दोन टेम्पो-रिक्षा बदलून शाळेत यायची. कडाक्याच्या थंडीत तिचा पहिला तास बुडू लागला. पुढे तिने तिकडच्याच एका शाळेतून परीक्षा दिली.

खरी संक्रांत आली तेव्हा बायको म्हणाली, “अहो, आपण जाऊन येऊ.” या वेळी पाक तिने जपून केला होता. भाईजान बाहेर गेले होते. मुलीने दार उघडलं, अदबीने आदाब केला, आम्हाला बसवलं. “अम्मी नमाज़ पढ़ रही हैं।” चहा आला. बिस्किटं आली. मुलगी शाळेचं काहीबाही सांगत राहिली. दुसऱ्यांदा चहा आला. आतल्या खोलीच्या पडद्यामागे बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. बायकोने डबा आणि अत्तराची कुपी स्टुलावर ठेवली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती उठली.

रिक्षा गल्लीबाहेर पडली. मी विचारलं, “काय गं, नमाजाला इतका वेळ लागतो?”

“त्यांना हवा तेवढा,” ती म्हणाली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, “भैया, जरा जल्दी चलाओ।”