पाहुण्यांच्या आधी आलेली चौकशी

धाकटीचं लग्न नायजेरियाच्या मुलाशी ठरत होतं आणि मला त्यातलं काहीच सरळ दिसत नव्हतं. मुलगा पुण्यात शिकला, तिथंच नोकरीला लागला. फोनवर मला "आई, जेवलात का?" असं विचारायचा. एवढं गोड बोलणाऱ्याच्या मनात काहीतरी असणारच, असं मी ह्यांना म्हटलं. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यातून लग्न त्यांच्या रीतीनं, पण आमच्या अंगणात. त्यांच्या इग्बो समाजात म्हणे ते मुलीच्याच दारात होतं. मुलीनं ताडीचा पेला घ्यायचा, मागं बहिणी-मैत्रिणी, आणि गर्दीत लपून बसलेल्या नवऱ्या मुलाला शोधून तो पेला त्याच्या हाती द्यायचा. आम्ही म्हटलं, ताडीऐवजी उसाचा रस ठेवू. लगेच हो म्हणाले. लगेच का म्हणाले? मला रात्रभर तोच घोर.

पुढची बोलणी करायला मुलाचे काका येणार होते. मुंबईत त्यांचा कापडाचा धंदा, हिंदी चांगलं येतं, असं धाकटी म्हणाली. त्या दिवसासाठी माझी एक वेगळी तयारी चालली होती. थोरली लेक सासर कायमचं सोडून आमच्याकडे आलेली. मानवतला ब्लाउज शिवायचं दुकान चालवते. तिच्यामुळं धाकटीचं एक स्थळ आधीच परत गेलं होतं. हेही मोडलं तर धाकटी माझं तोंड बघणार नव्हती. म्हणून पाहुणे येतील त्या दिवशी थोरलीला राणीसावरगावला मावशीकडे धाडायचं मी ठरवलं. तिची बॅगसुद्धा भरून ठेवली.

"मावशीला बरं न्हाई, जाऊन ये," मी तिला म्हटलं. तिनं बॅग उघडून आतली लुगडी मोजली.

आणि पाहुणे यायच्या आठवडाभर आधी शेजारीण धावत आली. "काकू, फाट्यावरच्या हाटेलात एक परदेशी माणूस तुमच्या घराची चौकशी करायलाय! लय उंच हाय!"

संध्याकाळपर्यंत बातम्यांवर बातम्या. तो माणूस पोखर्णीला नृसिंहाच्या देवळापाशी दिसला. किराणा दुकानात बसला. घरात भांडणं होतात का, कुणी पितं का, सगळं विचारून गेला. माझं डोकंच फिरलं. आम्ही काय चोर आहोत? मी धाकटीला फोन लावला, तर ती हसायलाच लागली. "आई, ते काकाच असतील. त्यांच्यात बोलणीच्या आधी मुलीच्या घराची गुपचूप माहिती काढतात. तू मामाला पुण्याला पाठवलं होतंस की!"

भाऊ पुण्याला जाऊन मुलाच्या घरमालकाला भेटून आला होता हे खरं. पण ती गोष्ट वेगळी. आम्ही मुलीकडचे.

आता थोरलीचं कुणी सांगितलं असेल? शेजारणीचा मला संशय आला, मग जावेचा. जावेशी मी चार दिवस बोलले नाही. ती बिचारी पापड लाटून देत होती, ते मी मुकाट्यानं घेत होते.

ठरल्या दिवशी काका आले. थोरली अजून आतच, म्हणे एक ब्लाउज राहिलाय, मग निघते. मी बॅग दाराशी आणून ठेवली. काकांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि मला हिंदीत विचारलं, मोठी मुलगी कुठं आहे?

"मावशीकडे गेलीय," मी म्हणाले.

तेवढ्यात थोरली पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. काका उठून उभे राहिले, ओळखीचं हसले.

"आई, हे दुकानात बटण लावायला आलते," ती म्हणाली. "मला आपल्या घराचंच विचारायले. म्हटलं, त्या घरची थोरली मीच हाय. नांदले न्हाई, परत आले. सगळं मीच सांगितलं."

काका ह्यांच्याकडे वळले. लग्नात सगळेच चांगले दिसतात, ते म्हणाले. म्हणून मग परत आलेल्या मुलीला हे घर कसं ठेवतं, तेही मी गावात विचारत फिरलो. ज्याला विचारलं तो म्हणाला, बाप स्वतः जाऊन घेऊन आला आणि कुणाला एक शब्द बोलू दिला नाही. आम्हाला याच घरची मुलगी हवी.

ह्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मलाही रडू येत होतं, पण मी काकांच्या शर्टाकडे बघत होते. बटण खरंच तुटलं होतं की मुद्दाम तोडलं होतं?

मग अंगणात कोण कुठं बसणार याची बोलणी निघाली. पेला घेऊन निघालेल्या नवरीच्या मागं पहिली कोण चालणार, असं मी विचारलं. काकांनी थोरलीकडे बोट दाखवलं.

मी उठले, दारातली बॅग उचलून आत नेली आणि लुगडी कपाटात ठेवायला लागले. बाहेरून थोरलीचा आवाज आला.

"आई, एक लुगडं बाहेरच राहू दे. मावशीला बरं न्हाई ना? लग्नाला बोलवायला जाते."