कर्दळीच्या वाफ्यातली वाट

"तैंतालीस, सर," मी सांगितलं. तुडवलेली रोपं मी दोनदा मोजली होती.

"और तार?" भटनागर साहेबांनी विचारलं.

"तीन ओळी. तिन्ही कापल्या आहेत. पकडीनं."

साहेब आमचे असिस्टंट इंजिनिअर. मी त्यांच्या हाताखाली ओव्हरसिअर. भिलाईत तेव्हा एकीकडे पोलाद कारखान्याच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या, दुसरीकडे राहत्या वस्तीचे सेक्टर. टाउनशिपच्या कडेला, धानाची शेतं घेऊन, मोठा बगीचा करायचं ठरलं होतं. मधोमध जुनं तळं, भोवती हिरवळ, फुलांचे वाफे, पुढं कधी तरी नावा. अर्धवट झाला होता तरी रविवारी लोक सायकलींवर डबे बांधून यायचे. काटेरी तारेचं कुंपण लागून पंधरा दिवस झाले होते. त्यातच कुणीतरी तार कापली होती आणि तिथून निघालेली वाट सरळ कर्दळीच्या वाफ्यातून तळ्याकडे गेली होती.

"ये बुधराम का काम है," साहेब म्हणाले. "उसी का गाँव उधर है. मस्टर से नाम काट दो."

मस्टर म्हणजे रोजंदारीवाल्यांची हजेरीची यादी. तिच्यातलं नाव खोडलं की दुसऱ्या दिवसापासून काम बंद. चौकशी नाही, अपील नाही. बुधराम माळी होता. बगीच्यासाठी घेतलेल्या जमिनीत त्याचीही शेती गेली होती. हे काम गेलं तर त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

मी म्हणालो, "सर, पाहिल्याशिवाय कसं लिहू?"

"तो देखो. सोमवार को रिपोर्ट मेरी टेबल पर."

हा गुरुवार होता. शुक्रवार-शनिवार मी बुधरामला विचारलं. तो मान खाली घालून खुरपत राहिला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

रविवारी घरी म्हटलं, चला, बगीच्यात जेवू. बायको खूश झाली. तिखट पुऱ्या, वांग्याचं भरीत, दोन मुली, एक चादर. ती बसली तळ्याकडे तोंड करून. मी बसलो तारेकडे तोंड करून, मांडीवर वही घेऊन.

"अवो, इथं बी मोजूनच राहिले का?" ती म्हणाली. "कावून आणलं मंग आमाले? हजेरी घ्याले?"

"तू जेव. मी पाहून राहिलो."

"भरीत थंडं होऊन राहिलं, ते नाही दिसत तुमाले."

पुरी हातातच होती तेव्हा गाणं ऐकू आलं. कापलेल्या तारेतून बाया येत होत्या. एकामागे एक, डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत गव्हाचे पिवळे कोंब. तिकडे याला भोजली म्हणतात. राखीच्या आदल्या आठवड्यात घरात अंधाऱ्या कोपऱ्यात गहू पेरतात, राखीच्या दुसऱ्या दिवशी तळ्यात शिरवतात, म्हणजे सोडतात. आदल्या दिवशी राखी होती. माझ्या लक्षातच नव्हतं.

मी एकतीस बाया मोजल्या. एकीनेही इकडेतिकडे पाहिलं नाही. समोर नव्या मुरमाची छान वळणदार वाट होती. तिच्यावर एकीचाही पाय पडला नाही. सगळ्या सरळ वाफ्यातून गेल्या.

माझी बायको उठून एका म्हातारीजवळ गेली. "कावो माय, फुलाईतून कावून जाता? रस्ता हाये नं तिकडून."

म्हातारी हसली. "ये तो हमर तरिया आय, बाई. पहिली मेड़ ऊपर ले आवत रहेन."

तरिया म्हणजे तळं. मेड़ म्हणजे आपला धुरा, धानाच्या दोन शेतांमधला मातीचा बांध. बायको माझ्याकडे वळली. "ऐकलं का? इथं धुरा होता म्हणते. तुमीच तर नक्शा काढला होता नं?"

मीच काढला होता.

घरी आल्यावर मी नकाशा पसरला. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. प्लेन टेबल लावून मी तो केला होता. म्हणजे तिपाईवर लाकडी फळी, तिच्यावर कागद, आणि जे दिसेल ते जागेवरच आखायचं. मे महिन्यात शेतं उघडी पडलेली असतात. माणसं, ढोरं कुठूनही जातात. वाट अशी एक दिसत नाही. पावसाळ्यात शेतात गुडघाभर पाणी आणि धान. तेव्हा चालायला फक्त धुरा. मी वाट शोधली नव्हती, म्हणून नकाशात वाट नव्हती. पटवाऱ्याच्या नकाशातही नव्हती, कारण धुरा शेतवाल्याच्या मालकीचा. माझ्या नकाशावर भरवसा ठेवून साहेबांनी धुरा सपाट करवला, वाफा आखला, तार लावली.

नकाशात त्या जागी चार बाभळी मात्र मी दाखवल्या होत्या. अगदी एका रेषेत. बाभळी धुऱ्यावर असतात म्हणून रेषेत असतात. मी भंडाऱ्याचा, धानाच्या मुलखातला. पट्टी लावून त्या चार खुणा जोडल्या. रेष तारेच्या कापलेल्या जागेतून निघून तळ्याच्या घाटावर गेली.

सोमवारी सकाळी बुधरामला नकाशा दाखवला. तो कागदाकडे नाही, माझ्याकडे पाहत होता.

"तार तू कापलीस?"

"हव साहेब," तो म्हणाला. "नहाए बर जावत रहिन त निहुर के निकल जात रहिन. मुड़ में भोजली रही त निहुर के कइसे निकलहीं?"

अंघोळीला जाताना बाया वाकून तारेखालून जायच्या. डोक्यावर भोजली असताना वाकता येत नाही, म्हणून त्यानं आधीच तार कापून ठेवली होती. मोठ्या फाटकाने फेरा किती, ते मी सायकलवरून मोजून आलो होतो. पावणेदोन मैल. सरळ वाट साडेतीन फर्लांग, अर्धा मैलही नाही.

आता रिपोर्ट. बुधरामनं तार कापली हे लपवता येत नव्हतं. मी खोटं लिहीत नाही, आणि लिहिलं असतं तर साहेबांनी पकडलं असतं. फक्त कोणती गोष्ट आधी लिहायची ते माझ्या हातात होतं. मी लिहिलं: एक, जागेच्या नकाशात पावसाळी पायवाट दाखवलेली नाही; ही चूक खाली सही करणाऱ्याची. दोन, त्या वाटेवर तार लागल्याने माळी बुधराम याने ती कापली. वाट कायम ठेवावी.

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"बोरकर, ये पहली लाइन किसने माँगी थी?"

"कुणी नाही, सर."

"आपकी सीआर में जाएगा, मालूम है?"

सीआर म्हणजे वरिष्ठाने वर्षाकाठी लिहायचा गुप्त शेरा. बढती त्याच्यावर ठरते. त्या वर्षी माझा नंबर होता. थोरलीला हायस्कूलात घालायचं होतं आणि क्वार्टर एका खोलीचं होतं.

"मालूम है, सर. पर दूसरी लाइन पहली के बिना झूठ हो जाती है."

त्यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. छत्री घेतली आणि म्हणाले, "चलो."

पाऊस पडत होता. आम्ही तारेपासून तळ्यापर्यंत चाललो. बाजूच्या हिरवळीत पाय पोटरीपर्यंत फसत होते. सपाट केलेल्या धुऱ्याची जागा तेवढी टणक होती. साहेबांचा बूट एकदा हिरवळीत रुतला, तो बुधरामनं ओढून काढला. परत येताना साहेब त्याच टणक जागेवरून आले.

वाफा दोन भागांत झाला. मधून सहा फुटांची मुरमाची वाट, तारेत माणूस उभा जाईल असं बिनदाराचं फाटक. डोक्यावर टोपली धरून उंची किती लागते, ते बुधरामच्या आईला उभं करून मोजलं. सरकारी मालाची तार कापली म्हणून त्याला चार दिवस घरी बसवलं. पाचव्या दिवशी मस्टरवर नाव परत आलं. माझ्या सीआरमध्ये "कामात काटेकोरपणा कमी" असा शेरा पडला. बढती दोन वर्षांनी आली. तोवर एका खोलीत पाच माणसं राहिलो, सासूबाई धरून. बायको कधी बोलली नाही असं मी म्हणणार नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी जितके नकाशे केले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक ओळ लिहिली: पाहणी उन्हाळ्यातली आहे; पावसाळ्यात एकदा चालून पाहावे. तपासणारे अधिकारी ती बहुतेक वेळा अनावश्यक म्हणून खोडत. मी पुढच्या नकाशावर पुन्हा लिहीत असे. तिला अर्धं मिनिट लागतं.