सर्ज्या मवाळ आणि मीही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार देऊळघाटच्या किसनमामांचे. त्यांनी मला घरी ठेवून बी.ए. केलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी. आणि जळत होतो कुणावर, तर बैलावर!

बैलाचं नाव सर्ज्या. ओट्यावर आल्यागेल्याला मामा सांगत, "आमचा सर्ज्या लय मवाळ हाय. त्याच्या पायाशी लेकरू निजवा." ऐकणारा कौतुकाने मान डोलवी. मग माझ्याकडे बघून मामा सुस्कारा टाकत, "भाचा बी मवाळच हाय." आता तीच मान आडवी हले! मी शब्दकोश काढला. मऊ, सौम्य, नरम. बैलाला हा दागिना आणि माणसाला डाग, असं त्यात कुठेच नव्हतं. (मिरची मवाळ निघाली की मामी विकणाऱ्याचा उद्धार करत. म्हणजे मी मिरचीच्या गटात.)

निकाल लागला त्या दिवशी मामांनी पहिला पेढा सर्ज्याला भरवला. मी ठरवलं, आता जहाल व्हायचं.

मामा बुलडाण्याला गेल्याचं पाहून सोयाबीनच्या ओळींमधलं तण काढायची डवरणी मी अंगावर घेतली. चाबूक फिरवून अशी आरोळी ठोकली की शेजारच्या वावरातल्या बाया निंदण सोडून धुऱ्याच्या बांधावर आल्या. सर्ज्याने मागे पाहिलं आणि खाली बसला. त्याचा जोडीदार तो करेल तेच करतो, तोही बसला. मी आणखी ओरडलो. दोघं रवंथ करू लागले!

भाकरी घेऊन आलेल्या मामी म्हणाल्या, "काऊन वरडून राह्यला, बापू? त्याले गोडीनं सांग."

मी त्याच्या कानाशी लागलो. "चाल ना बा, इज्जत जाऊन राह्यली."

सर्ज्या लगेच उठला आणि शांतपणे घराकडे निघाला. तिरपा, पिकातून. अशा वेळी बैलांमागचा डवरा, म्हणजे तण काढायचं औत, उचलून धरायचा असतो, हे मला पदवीपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं. मी मागे लटकत होतो आणि माझ्यामागे सोयाबीन उपटून पडत होतं, थेट धुऱ्यापर्यंत. धुऱ्यावर बुलडाण्याहून परतलेले मामा उभे.

मामांनी उपटलेला पट्टा पाहिला, सर्ज्याला पाहिलं, मला पाहिलं. "दोघं बी मवाळ," एवढंच म्हणाले. सुस्कारा टाकला नाही. थाप मात्र सर्ज्याच्याच पाठीवर पडली.

आता मी जळगाव जामोदला नोकरीला आहे. मामा फोन उचलत नाहीत (गोठ्यात असतात), म्हणून परवा पत्र पाठवलं:

"ती. मामांस सा. नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. सर्ज्यावर अकरा ओळी, माझ्यावर अर्धी. इथे साहेब ओरडले की माझं काम थांबतं, गोडीनं बोलले की मी चौघांचं काम ओढतो. सगळे मला मवाळ म्हणतात, हे सर्ज्याला वाचून दाखवावं. पुढच्या पत्रात दोघांना सारख्या ओळी द्या. कागद पुरला नाही तर त्याच्या कापा. तो मवाळ आहे, रागावणार नाही. माझी खात्री देता येत नाही."