लंकेची तालीम

गाडी सुटायच्या आधी मास्तर उजव्या हाताच्या बोटाने हवेत ठिपके दिल्यासारखं करत. नव्या माणसाला वाटे, डबे मोजताहेत. ते खिडक्यांतली पोरं मोजत. कुणाचीही. एखाद्या बाईला थांबवून विचारत, "चढताना चार होती ना? मला तीनच दिसतात." बाई दचकून बाकाखाली बघे, तर चौथं तिथे पेरू खात बसलेलं. मग मास्तर म्हणत, "बरोबर," आणि हिरवी झेंडी वर जाई.

तुमच्याही गावाच्या स्टेशनावर असा एखादा माणूस असेल. त्याच्या सवयीला लोक हसतात, आणि त्याची बदली झाली की फलाटावर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

मी दोंडाईच्याला दवाखान्यात नर्स होते. रेल्वेच्या चाळीला लागून माझी खोली. मास्तरांची चारही मुलं माझ्या हातून जन्मली, त्यामुळे मोजण्याचं कारण मला माहीत होतं. थोरली मुलगी तीन वर्षांची असताना सारंगखेड्याच्या यात्रेत हरवली. दुपारभर शोधल्यावर घोड्यांच्या बाजारात एका व्यापाऱ्याच्या तंबूत गूळ खाताना सापडली. मुलीच्या लक्षात फक्त गूळ राहिला. बाकीचं सगळं मास्तरांच्या लक्षात राहिलं.

अशा माणसाने चार लहान पोरं घेऊन परमुलखात जायचं मनात आणावं, याचं कारण वहिनी. त्या सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यातल्या. नव्या नवरीला मास्तरांनी विचारलं होतं, तुला काय हवं? त्यांना वाटलं, पाटल्या मागेल. वहिनी म्हणाल्या, "माले समुद्र देखना शे." ही हकीकत मास्तरांनी मला चार वेळा सांगितली, दर बाळंतपणाला एकदा, दाराबाहेर येरझारा घालताना.

मी सरळ सांगितलं, मुंबई एका रात्रीची वाट, दाखवून आणा आणि मोकळे व्हा. मास्तरांनी मान हलवली. "मुंबईला काठ दिसतो, अक्का. समुद्र बघायचा म्हणजे पलीकडे उतरलं पाहिजे."

पलीकडे म्हणजे लंका. त्यांचा एक शाळूसोबती कोलंबोला एका पेढीवर कारकून होता, त्याच्या घरी महिनाभर राहायचं. रेल्वेचा पास धनुष्कोडीपर्यंत, पुढे आगबोट. तिथे जाताना पुलावरून गाडीच्या दोन्ही बाजूंना पाणी असतं, हे सांगताना मास्तर दोन्ही हात पसरत. चाळीतले लोक थट्टा करत, की मारुतीने उडी मारून केलं ते आमचे मास्तर पासवर करणार. मास्तर रागावत नसत. "मारुतीबरोबर पोरं नव्हती," एवढंच म्हणत.

मग तालमी सुरू झाल्या. दर रविवारी अमळनेरकडची गाडी येण्याआधी वहिनी आणि मुलं सामानासकट फलाटावर हजर. थोरलीकडे फिरकीचा तांब्या, दुसऱ्याकडे छत्री, तिसरीकडे दशम्यांचा डबा, पुढे धाकटा झाल्यावर तो वहिनींच्या कडेवर. वळकटी आणि ट्रंक हमालाच्या डोक्यावर. गाडी उभी राहिली की सगळ्यांनी चढायचं, मास्तरांनी खिडकीतून मोजायचं, आणि शिट्टी व्हायच्या आत सगळ्यांनी उतरायचं. एका रविवारी तिसरी उतरली नाही. पुढच्या स्टेशनावरच्या मास्तरांनी तिला उलट्या गाडीने परत पाठवलं. दशम्या तिने संपवल्या होत्या.

तालमी झाल्या, जाणं होईना. एका वर्षी गोवर. एका वर्षी धाकटा पोटात. मग धाकटा चालायला लागू दे. दर वेळी मास्तर म्हणत, "पुढच्या वर्षी नक्की," आणि वहिनी ट्रंकेतली लुगडी पुन्हा फडताळात ठेवत. ते मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहायची माझी तयारी नव्हती.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात अखेर दीड महिन्याची रजा मंजूर झाली. लंकेला जाणाऱ्यांच्या देवी टोचल्याच्या खुणा वाटेत डॉक्टर तपासतात, म्हणून मुलांना मी टोचलं. धाकट्यानेसुद्धा हूं की चूं केलं नाही. मास्तरांची पाळी आली की मात्र नेमकी मालगाडी यायची असे. शेवटी मी स्टेशनावर जाऊन, तिकिटाच्या खिडकीशी लोक उभे असताना, त्यांची बाही वर केली. ते सिग्नलकडे तोंड करून डोळे मिटून उभे राहिले.

निघायच्या आदल्या दिवशी तार आली. बदली येणारे मास्तर तापाने अंथरुणाला खिळले, दुसरा माणूस नाही, रजा रद्द. मी टोचल्याचे दाखले द्यायला त्यांच्या घरी गेले तेव्हा मास्तर ट्रंकेवर बसले होते. दंड सुजला होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "टोचणं फुकट गेलं, अक्का." मग वहिनींकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी."

वहिनी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मी जास."

मास्तरांना वाटलं, माहेरी जाते म्हणते. वहिनींनी भाकरी तव्यावर टाकली आणि वळल्या. "पोरेस्ले लई जास. बठ्ठं ध्यानमा शे. तुम्हीच शिकाडं."

मास्तर ट्रंकेवरून उठले. पोरांना घेऊन लंकेला जाणार म्हणे, जळगावलासुद्धा कधी एकटी न गेलेली बाई. मग वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, तुमी चला." पासवर सोबत एक मदतनीस चालत असे. गेल्या चार वर्षांत मी रजा घेतली नव्हती. माझ्या डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण रजा मिळाली. मी स्वतःच्या दंडावर टोचून घेतलं आणि दोन पातळं पिशवीत भरली.

सकाळी गाडी आली. सगळे रविवारसारखे चढले. मास्तरांनी मोजलं, "चार. बरोबर." या वेळी कुणी उतरलं नाही. तिसरी म्हणाली, "आबा, शिट्टी झाली." आपल्याच बायकामुलांच्या गाडीला त्यांना झेंडी दाखवायची होती. सुजलेला हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरून वर केला.

प्रवासातल्या गमती इथे सांगत नाही. एकच सांगते. मनमाडला एक अनोळखी रेल्वेबाबू खिडकीशी आला, मुलांकडे बघून बोटाने चार ठिपके दिले आणि निघून गेला. दौंडला दुसरा. त्याने मुलांसाठी दूध आणलं होतं. रायचूरला तिसरा, त्याला आमची भाषा येत नव्हती, पण मोजता येत होतं. मद्रासला तर धाकटा खिडकीखाली झोपला होता, तेव्हा तिथल्या बाबूने डब्यात शिरून खात्री करून घेतली. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "आठे बी तेच," म्हणाल्या. धनुष्कोडीला बोटीच्या शिडीपर्यंत एक म्हातारा तारबाबू आला. त्याने मोजलं, आणि मग हाताने समुद्राकडे दाखवून खांदे उडवले. पुढे रेल्वेची तार नव्हती.

वहिनी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मागचा काठ दिसेनासा झाला, पुढचा दिसत नव्हता. त्या पाण्याकडे बघतील असं मला वाटलं होतं. त्या मागे बघत होत्या.

दीड महिन्याने आम्ही परतलो. दोंडाईच्याला मास्तर ड्यूटीवर. त्यांची दाढी वाढली होती. स्टेशनच्या हमालाने मला नंतर सांगितलं, की वाटेतल्या स्टेशनांवरून तारेने आलेले निरोप ते टेबलाच्या काचेखाली ओळीने लावत: मनमाड चार, दौंड चार, रायचूर चार. धनुष्कोडीचा लावला आणि पुढची जागा रिकामी ठेवली. कोलंबोहून पत्रं येत होती, पण पत्रावर त्यांचा भरवसा नव्हता. तो महिनाभर त्यांनी प्रत्येक गाडीतली पोरं दोनदा मोजली.

मुलं उतरली. एक, दोन, तीन, चार. मग बोट थांबलं नाही. वहिनींकडे बघून मास्तर म्हणाले, "पाच." माझ्याकडे बघून, "सहा. बरोबर."

थोरलीने फिरकीचा तांब्या पुढे केला. त्यात समुद्राचं पाणी होतं. मास्तरांनी फलाटावरच एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि वहिनींना विचारलं, "असाच होता का?" वहिनी म्हणाल्या, "मोठा व्हता."

नंतर लढाई आली आणि लंकेचे पास बंद झाले. मास्तरांचा समुद्र त्या एका घोटाचाच राहिला. पेन्शन घेऊन ते अमळनेरला गेले, आणि परवा तिथून मास्तर वारल्याची तार आली. मी पहिल्या गाडीने निघाले.

अमळनेरला उतरले. गाडी सुटायच्या बेतात होती. समोरच्या खिडकीत एक बाई पोरं सावरत बसली होती. तिथल्या मास्तरने इकडेतिकडे न बघता झेंडी उचलली. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि बोटाने मोजली. तीन होती. बाईला हाक मारून विचारलं, "तीनच ना?" तिने मान हलवली, तेव्हा मी पिशवी उचलली.