कॅनॉलपलीकडचा दिवा

रात्री अख्ख्या तालुक्याशी बोलणारा आणि दिवसा घरच्यांशीही न बोलणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा आतेभाऊ निघाला. वसमतहून कुरुंद्याला जाताना एका बियाण्याच्या दुकानावर दोन खोल्यांचं रेडिओ केंद्र होतं. तिथं दादा रात्री दहा ते दोन ‘जागल’ नावाचा कार्यक्रम करायचा आणि मी त्याच्या हाताखाली यंत्रं सांभाळायचो. शेतीची लाईट तेव्हा रात्रीच यायची. त्यामुळे हळदीला, गव्हाला पाणी देणारी माणसं कानटोप्या घालून बांधावर जागीच असत. त्यांना झोप लागू नये म्हणून हा कार्यक्रम. पण दादा बोलायचा असा हळू, जणू शेजारी कुणाचं लेकरू झोपलंय. त्याच्या आवाजानं डुलकी लागते आणि पाणी शेजाऱ्याच्या वावरात जातं, अशी तक्रार मी स्वतः दोनदा ऐकली आहे. तक्रार करणारा रोज न चुकता ऐकायचा, ही गोष्ट वेगळी.

हा आवाज जपायचा म्हणून दिवसा तो तोंडच उघडत नसे. भाजी बोटानं दाखवून घ्यायची, चहावाल्याला दोन बोटं, न्हाव्याला नुसती मान. एकदा एसटीत त्यानं खुणेनंच तिकीट मागितलं, तर कंडक्टरला दया आली. त्या भल्या माणसानं एका तगड्या गड्याला उठवलं आणि दादाला अपंगांच्या जागेवर बसवलं. गैरसमज दूर करावा म्हणून दादा हळूच म्हणाला, आभारी आहे. कंडक्टर जागच्या जागी खिळला. “तुमी जागलवाले का ओ?” पुढं वसमत येईपर्यंत तो मेव्हणीच्या लग्नाचा सल्ला विचारत बसला आणि निम्म्या गाडीची तिकिटं फाडायची राहिली.

कारण सल्ला हा दादाचा खरा माल. स्वतः पंचेचाळिशीचा, बिनलग्नाचा; पण संसारावर असा बोलायचा की चार लेकरांच्या बापानं वही काढून लिहून घ्यावं. नाव मात्र तो कुणाचंच घेत नसे. लोक फोनवर आपलं रडगाणं गायचे आणि हा ते ज्याच्या-त्याच्या वावरातल्या पिकावरून ‘एका गव्हाचं म्हणणं’ किंवा ‘एका हरभऱ्याची तकलीफ’ म्हणून सांगायचा. उपाय सगळ्यांना एकच: पोटात आहे ते बोलून मोकळं व्हा. सांगणारा स्वतः किती मोकळा होता, ते विचारू नका.

कॅनॉलपलीकडं कुरुंद्याच्या अंगणवाडीच्या बाईंचं हळदीचं वावर. नवरा वारल्यापासून रात्रीचं पाणी त्याच द्यायच्या. एकदा दादानं साडेबारा वाजता साडेअकरा झाल्याचं सांगितलं, तर बाईंचा फोन आला. घड्याळ बघून बोलत जा, लोकांच्या पाण्याच्या पाळ्या हुकतात, असं त्यांनी चांगलं खडसावलं. दुसऱ्या दिवसापासून दादा रोज एकदा चुकीची वेळ सांगू लागला. रोज फोन यायचा, रोज तो माफी मागायचा, आणि एवढीशी माफी मागायला त्याला दोन गाणी लागायची. दीड वर्ष आमच्या भागात रात्री नेमके किती वाजलेत हे कुणाला धड कळलं नाही. पाळ्यांवरून भांडणं झाली. मला वाटलं, घड्याळ बिघडलंय. मी नवे सेल आणून दिले. आमची हुशारी ही एवढी.

मग एका थंडीत त्यानं नवंच काढलं. तीन निरोप वाचायचे, त्यावर एक गाणं लावायचं. गाणं संपलं की ज्याचा होकार असेल त्यानं आपल्या पाण्याच्या मोटारीवरचा बल्ब एकदा बंद करून चालू करायचा. पहिला निरोप एका तरण्या गव्हाचा. त्याची बायको रुसून माहेरी, म्हणजे चार वावरं सोडून पलीकडं बसलेली. दुसरा एका म्हाताऱ्या हरभऱ्याचा. दसऱ्यापासून म्हातारी शेतातल्या आखाड्यावर, एकाच छपराखाली राहून त्याच्याशी बोलत नव्हती. तिसऱ्याला दादानं घसा खाकरला.

“कॅनॉलपलीकडच्या हळदीला एका माणसाचा निरोप हाय. त्याला दिवसा बोलता येत न्हाई. राहिलेल्या समद्या रात्री तुमच्याशीच बोलाव्या म्हणतो. चालन का?”

मी बघितलं, त्याच्या हातातला कागद कोरा होता. तेव्हा कुठं मला त्या घड्याळाचा उलगडा झाला.

केंद्राला खिडकी नव्हती, म्हणून त्यानं मला गच्चीवर पिटाळलं. कॅनॉलपलीकडचा तेवढा बघ म्हणाला. मी डोळे ताणून उभा राहिलो. गाणं संपलं, आणि त्याच क्षणी सगळ्या शिवाराची लाईट गेली. आता रेडिओ एक क्षणही गप्प बसता कामा नये, हा दादाचा कायदा. मी पलीकडं पुन्हा न बघताच इन्व्हर्टर चालू करायला खाली धावलो, जिन्यात गुडघा फोडून घेतला आणि लंगडत परत वर येईतो लाईट आलीही होती. सगळे बल्ब चालू! बंद होऊन चालू झाले हे शंभर टक्के खरं. पण केले कुणी?

शिवारानं तो प्रश्न विचारलाच नाही. गव्हानं पहाटेच जीप केली आणि सासरवाडी गाठली. बायकोनं रेडिओ ऐकलाच नव्हता, पण नवरा एकदाचा आला म्हणून तिनं पिशवी भरली. हरभऱ्याच्या म्हातारीचा बल्ब तर महिन्यापासून उडालेला होता. म्हाताऱ्यानं मात्र ती बोलली, ती बोलली असं गावभर केलं. तिनं त्याला खोटारडा म्हणायला तोंड उघडलं आणि दसऱ्यापासूनचा अबोला तिथंच मोडला. कुणी विचारलेलं नसतानाही दोघांचौघांना होकार आले. मी तर आजपर्यंत तो हिशेब लावू शकलेलो नाही.

दादाला मी सांगितलं, झाला बंद, झाला चालू. बाकीच्यांचं काय झालं, त्यानं विचारलं. बाकीचेही तसेच, म्हणालो. त्यानं पुढचं गाणं लावलं.

“वायरमनचा होकार धरून कुठं लगन होत असतंय काय?”

त्यानंतर बाईंचा फोन आला नाही. दादा वेळ बरोबर सांगू लागला, आणि ते ऐकवत नसे.

जूनमध्ये भाचीचं नाव घालायला मी कुरुंद्याच्या अंगणवाडीत गेलो. बाईंनी रजिस्टर उघडलं आणि मान वर न करता दादा बरे आहेत का, असं विचारलं. मी गडबडलो आणि त्या रात्री लाईट गेली होती, असं काहीतरी पुटपुटलो. बाईंनी पेन खाली ठेवला.

“समद्याईची गेली व्हती. माझा सोलरचा हाय, तो काहून जाईल? समद्या अंधारात माझा एकटीचाच चालू व्हता. तवाच बंद केला, चालू केला. दोनदा केला. त्यावर माणूस काईच बोलला न्हाई, मंग म्या काय समजावं?”

सहा महिने माझ्या एका गुडघ्यापायी वाया गेले, याचं मला आजही फार वाईट वाटतं. दादा चहाच्या टपरीवर दोन बोटं वर करून उभा होता. मी सगळं सांगितलं. बोटं तशीच राहिली, आणि भर दुपारी, चारचौघांत, तो मोठ्यानं म्हणाला, “मला कुरुंद्याला जायचंय.” चहावाल्याच्या हातून गाळणी पडली. कुरुंद्यात तो काय काय बोलला ते मला ठाऊक नाही. पण त्या रात्री त्याचा घसा पार बसला होता आणि ‘जागल’ मला करावी लागली.

आता ते दोघं कुरुंद्यातच असतात. शेतीला लाईट दिवसा मिळते, माणसं रात्री झोपतात, ‘जागल’ बंद पडली. दादा दिवसभर बोलत असतो, बाई त्याला चुका दाखवत असतात आणि नऊ वाजता दोघं गाढ झोपतात. बरं झालं, फार बरं झालं. मीच कधीतरी उगीच जागा होतो आणि रेडिओ लावतो, तर नुसती खरखर. मोबाईल वेळ सांगतो, अगदी बरोबर सांगतो. फोन करून घड्याळ बघून बोला म्हणावं, असं आता कुणी जागं नसतं.